फुलपाखराचं अक्षर

तेहतीस अक्षरं, तेहतीस गाणी.
एका गाण्याला एक मिनिट, पाचच सुरांची ये-जा,
कारण चार वर्षांच्या छातीत
त्याहून लांब ओळ मावत नाही, असं लमाराबाई म्हणायच्या.
शिक्षणसंस्थेतून त्या पायी यायच्या,
पर्समध्ये लाल पेन्सिल आणि अर्धी मेणबत्ती.

गाणारा ओफोफी. म्हणजे हुदहुद.
नारिंगी लोकरीचा तुरा, डोळ्यांच्या जागी दोन बटणं,
त्यातलं एक माझ्या नवऱ्याच्या कोटाचं.
आत मालखाजचा उजवा हात.
चोचीला ओठ नसतात. प, फ, म म्हणायचं
तर मिटावं लागतं, आणि मालखाजची बोटं
त्या थंडीत वेळेवर मिटायची नाहीत.
बिचाऱ्याला स्वतःचं नावही धड घेता यायचं नाही.

म्हणून मी गाणी उघडी लिहायला शिकले.
आई सोपी गेली. आमच्याकडे आई म्हणजे देदा,
नुसत्या जिभेवर होते.
बाप म्हणजे मामा. हसू नका.
बापाला दोनदा ओठ मिटावे लागतात.
त्या वर्षी पुष्कळ घरांत बाप नव्हते.
ते गाणं आम्ही लवकर उरकलं.

मग प आला.
पुरी म्हणजे पाव, भट्टीच्या भिंतीला चिकटून भाजलेला.
मी लिहिलेलं इतकं खरपूस होतं
की झुझुनानं वाजवता वाजवता आवंढा गिळला.
लमाराबाईंनी आडवी लाल रेघ मारली.
"ज्यांना नुसता चहा पाजून निजवतात
त्यांच्यापुढे पाव नाचवायचा नाही."
मी म्हटलं, अहो, पण अक्षरच पावाचं आहे!
"अक्षर कुणाच्या बापाचं नसतं," म्हणाल्या.

तर पेपेला. फुलपाखरू. भर जानेवारीत.
तिसऱ्या ओळीला वीज गेली.
आम्ही अंधारात कोट पांघरून बसलो,
कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया वाटल्या,
झुझुना पियानोच्या झाकणावर डोकं टेकून झोपली.
दिवे आले तेव्हा ओफोफी होता तिथेच,
चोच उघडी, मध्येच थांबलेला.
मालखाजनं हात खाली घेतलाच नव्हता.
का रे? तर म्हणे, शब्द अर्धा होता.

गाणं लागलं त्या संध्याकाळी
अर्ध्या त्बिलिसीत अंधार होता.
कोण बघणार, म्हणून मीही बघितलं नाही.

मार्चमधली गोष्ट. नाद्झालादेवीतल्या बेकरीसमोर
पहाटे पाचची रांग, माझ्यापुढे एकशे बारा माणसं.
भावाची टोपी घातलेली एक चिमुरडी
पाटीकडे बोट करून ओरडली,
"फुलपाखराचं!"
आईनं हात ओढला. ती कसली ऐकते.
"फुलपाखराचं, इस्त्रीचं, दुधाचं, बदकाचं..."
थांबली. ओठ मिटले. पुन्हा उघडले.
"पु... री.
आई, इथे पाव लिहिलाय!"

लिहिलाय, एक म्हातारा म्हणाला, लिहिलाय खरा.
आणि सगळी रांग हसली, शेवटच्या माणसापर्यंत,
त्याला काय झालं ते माहीतही नव्हतं.
शटर उघडलं नाही.
पीठ आलंच नव्हतं त्या दिवशी.

लमाराबाईंना सांगितलं,
तर त्या बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

शेवटचं अक्षर ह. हाएरी, म्हणजे हवा.
त्याला ना ओठ लागत ना जीभ,
हुदहुदासाठीच बनवलेलं.
ते गाणं तेवढं राहून गेलं. मालखाज ग्रीसला गेला,
तिथे संत्री तोडतो, असं कुणी म्हणतं;
कुणी म्हणतं, भिंती रंगवतो.

ओफोफी माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर.
तुऱ्याला कसर लागली आहे.
एखाद्या गार सकाळी हात घालून चोच उघडते,
ह म्हणते,
दोघांच्या तोंडाला मिळून एकच वाफ.
खुंटीवर कोट आहे अजून. एक बटण कमी.