पांढरी पाच, जराशी चढी

मे महिन्यात गड्डीगोदामात गिटार कोणी आणत नाही.
आणतात कूलरचे पंप, जळक्या मोटारी,
आणि म्हणतात, संध्याकाळपर्यंत दे वं बाई,
लेकरू झोपून नाही राहिलं.

लांजेवारकाकांनी आणली. सायकलरिक्षातून,
सोलापुरी चादरीत गुंडाळून,
उजव्या हाताने तिला धरलेलं
आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला,
दोन वर्षांपूर्वी ज्या बाजूने गेले ती बाजू.

जपानी आहे. हिरवी होती, आता शेवाळी.
एकाहत्तर साली कामठीच्या एका फौजीकडून
मिलच्या चार पगारांत घेतलेली.
इंदोऱ्यात जयंतीच्या रात्री पहाटे तीनपर्यंत वाजायची,
माणसं ट्रकच्या टपावर बसून ऐकायची.
"आता खरखरते. मधातच मरते.
आतलं सगळं नवं टाक,
बाहेरून हात नको लावू."

आठ स्क्रू. त्यातले दोन कुठल्याशा रेडिओचे.
झाकण उचललं तर कोनाड्यात सिगारेटची चांदी चिकटवलेली,
एक मेलेलं झुरळ,
ज्वारीच्या दाण्याएवढे झाळेचे गोळे,
आणि कापडात गुंडाळलेली वायर, चहाच्या रंगाची.

बाबा सांगायचे, आधी चित्र काढ, मग तोड.
कॅलेंडरच्या मागे काढलं.
पिकअपमधून स्विच, स्विचमधून व्हॉल्यूम,
तिथून जॅक. आणि एक एकटी तार
ब्रिजखाली भोकातून जाऊन तारांना भेटणारी.
तिचं टोक सुटलेलं होतं, कोण जाणे कधीपासून.

झाळायचं तर कूलर बंद करावा लागतो,
वाऱ्याने जोड राखाडी पडतो, कच्चा राहतो.
बाहेर सेहेचाळीस, टोकाला साडेतीनशे,
मधे माझं नाक. राळेचा धूर डोळ्यात.
आमच्या धंद्यात याला डाग देणं म्हणतात.
नीट बसला तर तो चकाकतो
आणि मग झाकण लागतं, कोणी बघत नाही.

काका रोज यायचे. बसायचे स्टुलावर,
घाम पुसत, पंप नेणाऱ्यांना जागा देत.
जुन्या वायरचा गुंता मी डब्यात टाकायला गेले,
तर म्हणाले, "दाखव."
अंगठा आणि बोटात एक तुकडा फिरवला,
टोक उसवलं, नखाने एक धागा ओढला,
डोळ्यांपाशी नेला.
"चाळीसचं सूत हाये. पीळ कमी पडला.
आमच्या खात्यात याच्याहून चांगलं निघे."
मग तो तुकडा सदऱ्याच्या खिशात गेला,
औषधाच्या चिठ्ठीबरोबर.

पहिल्यांदा लावली तेव्हा काहीच नाही.
जॅकवर दोन वायरी उलट्या झाळल्या होत्या मी,
वीस वर्षांच्या धंद्यात!
काका काही बोलले नाहीत,
फक्त रिक्षावाल्याला म्हणाले, थांब जराक.

दुसऱ्यांदा अँप्लिफायरमधून गुंऽऽ असा आवाज,
भरलेल्या पोळ्यासारखा.
काकांनी मान तिरकी केली.
"पांढरी पाच. जराशी चढी."
मग कळलं, ते विजेचा सूर सांगून राहिले.
मी म्हटलं, तारांना हात लावा, जाईल.
माणूस तारेला लागला की गुणगुण जमिनीत उतरते,
अर्थिंग म्हणतात.

त्यांनी उजव्या हाताने डावा उचलला.
मनगटाला धरून, दुसऱ्याचं सामान उचलावं तसा,
आणि तारांवर ठेवला.

गुणगुण थांबली.

दुकानात कोणीतरी पंप घेऊन उभं होतं, तेही थांबलं.
काकांनी हात उचलला, गुंऽऽ.
ठेवला, शांत.
उचलला.
ठेवला.
असं बराच वेळ चाललं.
मी कूलर लावायचा विसरले.

पैसे किती, त्यांनी विचारलं.
मी सांगितले. त्यांनी पन्नास कमी केले,
म्हणे, वायर तर तू परतच दिली.