तिसरा रकाना

पहिल्यात सोनं, दुसऱ्यात ठेवी,
तिसऱ्यात रोखे.
पस्तीस वर्षं एवढंच केलं मी,
फोर्टातल्या नवव्या मजल्यावर,
जिथून टांकसाळीचं छप्पर दिसतं
आणि छपरावर बसलेल्या घारी.

रेघा मारायला त्रिलोकेकरांनी शिकवलं.
आधी पेन्सिल, मग शाई.
"तिसरा रकाना जरा रुंद आख," म्हणाले, "पुढे लागेल."
मला हसू आलं.
तेव्हा आकडा होता करंगळीएवढा.

"सोन्याला कुणाच्या जबानीची गरज नाही,"
डबा उघडता उघडता ते सांगत
(डब्यात बहुधा कोलंबीचं भुजणं),
"रोखा म्हणजे नुसता शब्द.
परक्या देशाने दिलेला, तारखेसकट.
आपली श्रीमंती म्हणजे काय, पोरी,
दुसऱ्याचं कर्ज
आपल्या कपाटात."

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात
तो रकाना असा रोडावला
की मी टाकसुद्धा कमी बुडवला शाईत.
आयातीला किती पुरेल, हे तळाशी लिहायचं असे.
"महिने खोड," ते म्हणाले. "आठवडे लिही."
त्या दिवशी डबा
न उघडता घरी गेला.

मग भरत गेला.
कार्बन गेले, रिबिनी आल्या नि गेल्या,
त्रिलोकेकर शाल-नारळ घेऊन गेले,
पडद्यावर आयत्या चौकटी आल्या.
एका शुक्रवारी बघते तर तिसऱ्या रकान्यात
आकडाच नाही, नुसती कुंपणं:
########
पोटात गोळा आला.
नव्याने लागलेला ऑस्टिन तुस्कानो, वसईचा,
म्हणाला, "मॅडम, आकडा मावत नाहीये."
आणि बोटभर रेघ सरकवली त्याने उजवीकडे.

पेपरवाले हिला गंगाजळी म्हणतात.

आमच्याकडेही होती एक.
गोरेगावला, देव्हाऱ्यामागे, तांब्याचा गडू,
तोंडाला डाख दिलेला.
सासऱ्यांच्या मावशीने काशीहून आणलेला.
दर दिवाळीला चिंचेने घासायचा,
कानाशी हलवून बघायचा: आहे.
बस. आहे, एवढंच त्याचं काम.

सासऱ्यांची वेळ आली तेव्हा डाख निघेना.
पक्कड झाली, सुरी झाली,
शेजारच्या सावर्डेकरांचा पेचकस झाला.
शेवटी माठातलं दिलं, चमच्याने,
नळाचं, म्हणजे वैतरणेचंच.
त्यांनी गिळलं
आणि आणखी मागितलं.

तेराव्यानंतर तांबटाकडून गडू उघडून आणला.
आत अर्धाच.
कुणी प्यालं नव्हतं. थेंब कुठे गळला नव्हता.

त्याच वर्षी तिकडे व्याजदर चढले
आणि इकडे तिसरा रकाना आटायला लागला,
आठवड्यामागून आठवडा.
डॉलर विकले ते वेगळे, ते मला ठाऊक होते.
पण न विकलेलेही घटत होते,
जागच्या जागी, कुलपात.
"गेले कुठे, मॅडम?" तुस्कानोने विचारलं.
कुठे नाही रे.
शब्द तोच आहे, तारीख तीच.
तारखेपर्यंत थांबलास तर पुरते देतील.
आजच दारात उभा राहिलास
तर कमी.
त्याला पटलं.
मी मात्र घरी येऊन गडू पुन्हा हलवला,
उघड्या तोंडाचा. तो वाजलाच नाही.

आता मीही निवृत्त.
तरी शुक्रवारी संध्याकाळी ठाकूरद्वारहून फोन येतो.
ऐंशी ओलांडली, कान गेले,
पण आकडा पहिल्यांदा सांगितला की ऐकू जातो.
"तिसरा?"
मी मोबाइलवर बघून सांगते.
पलीकडे टेबलावर पेन्सिल घासल्यासारखा आवाज.
"बरं. आणि आठवडे किती?"
महिने, साहेब.
महिने.
"हां," म्हणतात त्रिलोकेकर,
"मग जेवून घेतो."