तीस सेकंद

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीला, झेरॉक्सच्या दुकानावर,
अंड्यांचे ट्रे ठोकलेली एक खोली होती.
तिथं मी सहा निवडणुका बोललो.
पंखा बंद, अंगात बनियन,
समोर कागद, बाजूला कोमट पाणी, खडीसाखर.
'करवीरच्या मातीतला माणूस'
यातलं 'मातीतला' जरा दाबून म्हणायचं.
पक्ष कुठलाही असो, माती मीच दाबायचो.

तेव्हा साडेसातच्या बातम्यांच्या वेळी
मंगळवार पेठेतून घरी निघालो
की पहिल्या घरात माझं वाक्य सुरू व्हायचं,
दुसऱ्यात पुढं सरकायचं,
पिठाच्या गिरणीपाशी क्रियापद यायचं
आणि चिन्ह
बरोबर माझ्या दारात.
एक अक्षर सांडायचं नाही रस्त्यावर.
पोरं ओरडायची, काका, तुमी टीव्हीत बी हाय आन् हितं बी!
मी हात जोडून हसायचो, उमेदवारासारखा.

यंदा निनाद नावाचा पोरगा आला उमेदवाराकडून.
'सर, तीस नको. सहात बसवा.
पाचव्या सेकंदाला लोक उडवतात.'
सहा सेकंदांत मी नुसता श्वास घेतो, म्हटलं.
'मग श्वास काढून टाकू.'
आणि काढला की खरंच. लॅपटॉपवर ऐकवला
माझाच आवाज, धाप नसलेला.
तीसचीही एक केली, केबलवर रोज साडेसातला,
जुन्या माणसांना बरं वाटतं म्हणून.
पैसे सहाच्या हिशेबानं.

परवा त्याच गल्लीतून आलो, त्याच वेळेला.
पहिल्या घरी भाकरी थापत थापत
डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर
कालची मालिका, दीडपट वेगानं.
दुसऱ्या घरी चार माणसं, चार उजेड.
गिरणीवाला वसगडे कानात वायर घालून
तुर्कस्तानातली कुस्ती बघत होता,
पैलवान तेलानं माखलेले, त्याचे हात पिठानं.
माझ्याच दारात, पायरीवर, माझा नातू.
'करवीरच्या मा'
एवढंच आलं. अंगठा फिरला.
मातीपर्यंत पोचलोच नाही मी.
त्यानं वर बघितलंही नाही. त्याला काय माहीत
कुणाला उडवलं ते.

फक्त शेजारच्या खिडकीतून मी पुरता ऐकू आलो.
शौकत मुजावर. टॉकीजमध्ये ऑपरेटर होता,
चाळीस वर्षं भोकातून पिक्चर बघितले.
आता डावी बाजू गेलीय.
म्हटलं, शौकतभाई, तुम्ही तरी बघताय मला.
'बघतोय कुठला. रिमोट खाटंखाली गेलाय.'
मी वाकलो काढायला.
'ऱ्हाऊ दे.'

मग स्वतःच बोलत राहिला, अर्ध्या तोंडानं:
'आमी स्लाइडा लावायचो इंटरव्हलला.
बिडी, धोतर, उमेदवार.
तवा बी कोण बघत नव्हतं. शेंगा आणायला उठायचे.
पर उठाय तरी लागायचं की रं!
गुडघ्याला गुडघा घासायचा, कुणाच्या तरी पायावर पाय,
सरका म्हणाय लागायचं.
आता नुसतं बोट.'

धीर करून विचारलं,
माझं ऐकून कधी मत दिलंय का तुम्ही?
'एकदा बी न्हाई.'
विचार करायला थांबलाही नाही.
'पर तू आलास की गोळी घेतो. साडेसातची.'

मंगळवारी संध्याकाळी प्रचार संपला.
रिक्षांवरचे भोंगे उतरले, झेंडे गोळा झाले,
केबलवर माझ्या जागी गाद्यांचा सेल.
साडेसातला मी चप्पल न घालताच बाहेर आलो.
खिडकीशी उभा राहिलो. हातात कागद नाही.
घसा खाकरला, जुन्या सवयीनं.
'शौकतभाई,' म्हटलं, 'गोळी.'

आतून बराच वेळ काही नाही.
मग पाण्याचा तांब्या सरकल्याचा आवाज
आणि त्याच्या मागून:
'जरा दाबून म्हण.'