अर्धा व्होल्ट

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाईलला,
दूर मुहम्मदच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली.
ऑगस्टातले रात्रीचे साडेआठ. बॉनेटला हात लावला
तर धग इंजिनाची की हवेची, सांगता येत नाही.

दिवसभर मी रिफायनरीत प्रेशर ट्रान्समीटर तपासतो,
दुसऱ्यांचे, लाखांचे. शिक्का, सही, तारीख.
हा मात्र माझा: पितळी गळ्याचा, सहा रियालचा,
जुन्या कोरोलाच्या ब्लॉकवर टी लावून बसवलेला.
कारण तेलाबद्दल बोलायला कोरोलाकडे
एकच लाल दिवा आहे,
आणि तो लागतो तेव्हा बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तीन वायरी. लाल, काळी, हिरवी.
लालला पाच व्होल्ट हवेत, नेमके पाच.
गाडी देते चौदा, कधी साडेचौदा,
स्टार्टर मारताना नऊ,
मध्येच कुठूनतरी एखादी उसळी.
म्हणून वाटेत रेग्युलेटर: नखाएवढा, तीन पायांचा.
वरचे नऊ व्होल्ट तो अंगावर घेतो आणि तापत बसतो.
दूर मुहम्मद म्हणाला, घरातला थोरला दिसतो हा.
मी काही बोललो नाही.
खिडकीच्या चौकटीतून कापलेली ॲल्युमिनियमची पट्टी
त्याच्या पाठीला स्क्रूने आवळली.

या सेन्सरचं मला एक आवडतं.
दाब शून्य असला तरी तो शून्य देत नाही.
हिरव्या वायरीवर अर्धा व्होल्ट ठेवतो,
म्हणजे: आहे मी. विशेष काही नाही.
खरोखरचं शून्य आलं
तर वायर तुटली समजायचं.

नऊला माखजनहून अण्णांचा मिस्ड कॉल येतो.
तिकडे साडेदहा. दोन रिंगा, मग बंद.
अकरा वर्षं. उचलायचा नाही असं ठरलेलं आहे,
ठरवलं कोणी ते आठवत नाही.

इंजिन सुरू केलं. काटा वीसवर, मग तीस.
एसी लावला, पन्नास. हेडलाइट लावले, बावन्न.
दूर मुहम्मदने स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं,
मूठ कानाला. डोळे मिटले.
म्हणाला, तेल ठीक आहे. तुझा काटा खोटारडा आहे.

फोन. एक. दोन.
तीन.
चौथ्या रिंगेला माझ्या हातातून पक्कड पडली.

"अण्णा?"
"अरे, काही नाही. चष्मा सापडेना. लाल बटण कुठलं कळेना."
मग दोघंही गप्प. पैसे पडत होते.
"आवाज कसला येतोय?"
"गाडीचा. ऑइल प्रेशर लावतोय. एसी लावला की काटा उडतो."

चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन.
असला सेन्सर त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

"अर्थ कुठे घेतलायस?"
"रेग्युलेटरचा डॅशबोर्डखाली, बॉडीला. सेन्सरचा इंजिनाला."
"मग उडेल नाहीतर काय. सगळे एका बोल्टावर आण, ब्लॉकच्या.
आमच्या गाड्या चोवीसच्या, पण अर्थ तो अर्थच.
आणि आधी रंग खरव..."
कट.
बटण सापडलं असावं.

पॉलिश पेपरने ब्लॉकवर रुपयाएवढी जागा घासली,
धातू दिसेपर्यंत.
तीन काळ्या शेपट्या, एक वॉशर, एक बोल्ट.
काटा अठ्ठावीस. एसी लावला. अठ्ठावीस.
हेडलाइट, वायपर, हॉर्न. अठ्ठावीस.
दूर मुहम्मदने स्क्रूड्रायव्हर कानावरून काढून
खिशात ठेवला, थोडा नाराज.
कोण होतं, त्याने विचारलं.
डेपोतून, मी म्हटलं.

इंजिन बंद केलं, चावी तशीच ठेवली.
काटा हळूहळू खाली आला, टेकला.
शटर ओढण्याआधी मल्टीमीटरची पिन
हिरव्या वायरीला एकदा लावून बघितली.
पॉइंट पाच तीन.
थोडं जास्तच आहे.
राहू दे.