हात खिशात

लेक चार्ल्सला, रिफायनरीमागच्या मैदानात
व्हर्लिन गिद्री आज परीक्षक व्हायची परीक्षा देतोय.
बत्तीस वर्षं केबिनमध्ये काढली;
आता खाली, चिखलात,
डाव्या हातात स्टॉपवॉच आणि गुणांचा तक्ता.

वर शँटेल नावाची कुणी पोरगी.
हुकाला साखळी, साखळीला गोळा,
खांबांमधून नागमोडी वाट.
खांबावरचा चेंडू पडला की तीन गुण वजा.
तेवढंच लिहायचं. शिकवायचं नाही.
मानसुद्धा हलवायची नाही.

खाडीकडून वारा आला, गोळा झुलायला लागला
आणि ती त्याला उलटा ओढतेय –
अगं, त्याच्या मागे जा, मागे,
झोका अडवायचा नसतो, गाठायचा असतो!

हे तो बोलला नाही.
पण उजवा हात खिशातून निघाला,
तळवा जमिनीकडे, आडवा, सावकाश:
थांब.

ती थांबली.
गोळा आणखी दोन झोके घेऊन मग.

मागे घडीच्या खुर्चीत
त्याचे गुण मांडत बसलेल्या मिस ओडेलनं
चष्मा कपाळावर सरकवला,
काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

पिकअपमध्ये बसल्यावर
स्टिअरिंगवरच्या उजव्या हाताला तो म्हणाला,
"तुला कुणी विचारलं होतं?"