पासंग

ऑकलंडच्या विमानतळामागे, मालाच्या शेडमध्ये
बावीस वर्षं मी वजनकाट्याशी उभी आहे.
नीउए बेटावर जाणारं सगळं आधी माझ्यासमोर येतं:
गोठवलेल्या कोंबड्या, छपराचे पत्रे, बाळांचे लंगोट,
एकदा चर्चसाठी एक पियानो,
आणि दोन-तीन महिन्यांनी एखादी लांबट पेटी,
जिचा आकडा मी लिहिते आणि लगेच विसरते.

आता टुकाला म्हणतो, जाऊ या कायमचं.
जेवणाच्या टेबलावर त्याने कागद पसरला, मधोमध रेघ मारली.
डावीकडे इथलं, उजवीकडे तिथलं.
त्याचं अक्षर मोठं,
त्यामुळे बेटाची बाजू सुरुवातीलाच जड.

भाडं नाही, लिहिलं त्याने.
समोरून येणारी प्रत्येक गाडी हात करते, लिहिलं.
(हात कसला, स्टिअरिंगवरून दोन बोटं. पण करते.)
जुलैत देवमासे खडकाला इतके लगटून येतात
की रात्री अंथरुणात त्यांचा उसासा ऐकू येतो.
हे लिहिताना त्याचं पेन थांबलं,
उसासा या शब्दाचं शुद्धलेखन त्याने मला विचारलं.

सिनेने पेन ओढून घेतलं. डावीकडे लिहिलं:
बाबांची किडनी.
खाली दोन रेघा.
डॉक्टर म्हणते, वर्षभरात मशीन लागेल.
मशीन तिथे नाही.

मग मी. मी व्यवहाराचं बोलले.
पोस्टरातली बेटं वेगळी, म्हटलं, आपल्याकडे वाळू कुठाय,
चपलेचा तळ फाडणारा प्रवाळाचा खडक नुसता.
गावात चाळीस घरं, चूल पेटते अकरांत.
बोट उशिरा आली की दुकानात नुसती फळी दिसते.
रविवारी होडी काढलीस तर मोका मावशी
पुढच्या रविवारपर्यंत बोलणार नाही.
(हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते तिघांनाही कळेना.)

आणि तो एक दिवस.
इथून शनिवारी निघालं की तिथे शुक्रवारी उतरतं माणूस,
मध्ये कुठेतरी समुद्रावर तारीख मागे सरकते.
टुकालाने लिहिलं: एक दिवस फुकट.
मी म्हटलं, परत येताना कापून घेतात तो.
तो म्हणाला, परत कोण येतंय?

फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली.
सिने उठून उगाच कप विसळत राहिली.
तो हळूच म्हणाला, तुझ्या काट्यावर मला
एकदा चढवशीलच ना, आडवा?
त्यापेक्षा खिडकीची सीट बघ.

रोज सकाळी शेडमध्ये पहिलं काम माझं:
वीस किलोचं लोखंड ठेवून काटा खरा आहे का पाहणं.
मापात पाप नको.
त्या रात्री लोखंड नव्हतं हाताशी.
म्हणून सांगते.
मला सहाची बस आवडते.
बसमधला, कोणीच न ओळखणारा माझा चेहरा आवडतो,
कुणाची मुलगी, कुणाची सून, कधी परतणार
असं कुणी विचारत नाही, याची मला चटक लागलीय.
हे मी कागदावर लिहिलं नाही.
त्याच्या किडनीखाली चिकटवून ठेवलं,
पारड्याखाली मेण चिकटवतात तसं.

पहाटे मोका मावशीचा फोन. येताय का, असं ती विचारतच नाही.
कांदे आण, म्हणाली. दोन नंबरचा चष्मा आण.
आणि तुमच्या घराचं दार फुगलंय दमटपणाने,
ढकलताना जरा वर उचलावं लागतं.

विसरेन म्हणून लिहायला गेले.
कागद दोन्हीकडून भरलेला,
जागा उरली होती ती मधल्या रेघेवर.
तिथेच लिहिलं, उभं, बारीक अक्षरात:
वर उचल.