मुळाच्या बाजूनं

कासुमिगाउरा तळ्याकाठी डिसेंबरात कमळ नसतं.
असतात माना टाकलेले काळे देठ,
कुणी छत्र्या विसरून गेल्यासारखे,
आणि त्यांच्यात, छातीइतक्या चिखलपाण्यात,
रबरी कपड्यांतली एक बाई.

नेमोतो किनुए. वय एकाहत्तर.
नेमोतो म्हणजे मुळाचं मूळ.
आडनाव सासरचं, धंदाही सासरचा.
पंपाच्या नळीनं ती चिखल ढिला करते,
तिथं डोळ्यांचं काम संपतं.
पुढचं बोटं बघतात:
हा कोंभ, हे पेर, हा सांधा,
सुईणीच्या हातानं सोडवून घ्यायचं.
ओरखडा गेला की भाव निम्मा.

आम्ही त्याला पंकज म्हणतो, नीरज, सरोज, अब्ज;
चिखल, पाणी, तळं, सगळ्यांच्या पोटी जन्माला घालतो
आणि एक मृणालिनी सोडली
तर खालच्या मुळाची आठवण कुणाला नसते.
किनुएला फुलाबद्दल विचारू नका.
फुलाचं देवळातल्या भिक्षूंना ठाऊक,
चिखलात राहून चिखल न लागणं वगैरे.
ती ऐकते, वाकून नमस्कार करते,
नखांतला चिखल बाहीत लपवते.
पानावर पाणी ठरत नाही, हे खरंच.
पण पानाच्या अंगावर मेणाची बारीक लव असते.
वैराग्य असेलही.
लव नक्की आहे.

तिला ठाऊक आहे ते असं:
चिखलात हवा नसते.
मूळ खाली गुदमरून मरायचं.
म्हणून कोवळी पानं वर श्वास घेतात,
तो देठातल्या नळ्यांतून खाली उतरतो,
अंधारात पेरापेरांतून फिरतो
आणि म्हाताऱ्या पानांतून बाहेर पडतो.
"एकाचा श्वास, दुसऱ्याचा उच्छ्वास,
मधे सगळं तळं."
हे तोकुजीचं वाक्य. तिचा नवरा.
चाळीस वर्षांत एवढंच एक शहाणं बोलला,
तेही साकेच्या तिसऱ्या पेल्यानंतर.

तो ऑगस्टमध्ये गेला.
फूल चार दिवसांचं.
पहिल्या पहाटे अर्धंमुर्धं उघडून मिटतं,
दुसऱ्या दिवशी पूर्ण, वासासकट,
तिसऱ्या दिवशी उघडतं ते धड मिटतच नाही.
चौथ्या दिवशी पाकळ्या पाण्यावर.
तोकुजी तेव्हा तिसऱ्या दिवशी होता,
इस्पितळात, तोंड उघडं.
रात्री गारवा आला की फूल आपली आपण ऊब धरतं,
जवळजवळ माणसाच्या अंगाइतकी,
आणि किडे आत निजून राहतात.
तिनं त्याचा हात धरला
तेव्हा तो चिखलाइतका गार होता.
चिखल तिच्या ओळखीचा. तिनं सोडला नाही.

वेदीवर सोनेरी कागदाची कमळं मांडली होती.
दोनशे पावलांवर तळं फुलांनी उतू चाललेलं.
कुणाच्याच लक्षात आलं नाही.
तिच्याही.

वर्ष संपायला तीन दिवस उरलेत.
बाजारात भाव चढलाय:
नव्या वर्षी हे मूळ खातात,
भोकांतून पुढचं दिसतं म्हणे.
किनुए आज एक चांगलं पेर मुद्दाम मोडते.
दोन तोंडांमधे तंतू ताणले जातात,
कोळ्याच्या धाग्याहून बारीक,
हात लांब नेला तरी सुटत नाहीत.
आमच्या जुन्या भाषेत त्यांना बिसतंतू म्हणतात.
तिच्याकडे शब्द नाही.
हात जातील तेवढे लांब नेऊन
ती नुसती उभी राहते, पंप चालू ठेवून,
डिझेल फुकट जाळत.

रात्री स्वयंपाकघरात ती एक चकती कापते.
मधे एक भोक, भोवती नऊ.
डोळ्याला लावते.
पुढचं काही दिसत नाही.
दिसतो दिवा, ओल्या हातमोज्यांची दोरी,
आणि दाराशी उलटे टांगलेले
तोकुजीचे रबरी बूट.

तिचा डावा गेल्या महिन्यापासून गळतो.
उद्या त्याचे घालून बघावेत,
आत दोन जोड मोजे चढवून.